फुकट कोण खातो?



2025 च्या नोव्हेंबरमधले ते दिवस तुम्हाला आठवत असतील. सरकारी कामकाज ठप्प झाले होते आणि स्नॅपचे पैसे अनेकांच्या कार्डावर वेळेत जमा झाले नाहीत. या देशात तेव्हा सुमारे 4 कोटी 20 लाख माणसे या मदतीतून किराणा घेत होती, म्हणजे साधारण दर आठांत एक. न्यू जर्सीत आमच्या गावातल्या फूड पँट्रीची रांग त्या शनिवारी पार्किंगच्याही बाहेर गेली होती. मी तिथे महिन्यातून एकदा पिशव्या भरायला जातो. रांगेत एक बाई होती. कडेवर मूल आणि हातात माझ्यापेक्षा नवा फोन. माझ्या मनात काय आले ते लपवत नाही: एवढा फोन घ्यायला पैसे आहेत, मग दुधाला कसे नाहीत?

दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर चहा घेताना आपल्यातल्याच एकाने तोच सूर लावला. आपण टॅक्स भरायचा आणि यांनी फुकट खायचे. दोन-तीन माना हलल्या. त्यांत माझीही होती.

घरी येताना गाडीत ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते ओळखीचे होते. नागपूरला कॉलेजात असताना मी ते ऐकले होते, फक्त तेव्हा फुकट खाणारा मी होतो. समाजकल्याणच्या वसतिगृहात राहणारा, फ्रीशिपवर शिकणारा. आम्हाला ‘सरकारचे जावई’ म्हणत. एकदा शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर सही घ्यायला गेलो, तर कारकुनाने माझ्या मनगटाकडे पाहिले आणि म्हणाला, घड्याळ घ्यायला बरे पैसे असतात. ते घड्याळ मामाने दहावी पास झाल्यावर दिले होते. मी त्याला तसे सांगितले नाही. आजही वाटते, सांगायची गरज का असावी?

त्या कारकुनाने माझे घड्याळ पाहिले, मी त्या बाईचा फोन पाहिला.

तुमच्यापैकी बरेच जण याच वाटेने इथवर आले आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आणि 1913 च्या जुलैमध्ये ते स्वतः न्यूयॉर्कला उतरले तेव्हा बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती त्यांच्यामागे होती. म्हणजे आपल्या चळवळीच्या मुळाशीच सार्वजनिक पैसा आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मग प्रश्न असा, की मदत मिळण्यासाठी माणसाने आधी आपण लायक आहोत हे सिद्ध करावे का? आणि ते कोणापुढे?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर पुन्हा पुन्हा बदलले आहे. 1909 साली व्हाइट हाउसमध्ये भरलेल्या एका परिषदेने म्हटले, की केवळ गरिबीमुळे मूल घरापासून तोडू नये. पुढे इलिनॉयने 1911 साली आणि न्यूयॉर्कने 1915 साली गरजू मातांना मुलांसाठी मदत देण्याचे कायदे केले. बाबासाहेब त्या वेळी त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पण ही मदत ‘चांगल्या’ आईसाठी होती. आई चांगली आहे की नाही हे तपासनीस ठरवत आणि कृष्णवर्णीय आया बहुतेक वेळा त्या यादीबाहेर राहत. 1935 च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना वृद्धापकाळाच्या विम्यातून वगळले. दक्षिणेत ही कामे कोण करत होते, हे तुम्हाला सांगायला नको. कायद्यात वंशाचा शब्दही नव्हता. जातीचे नाव न घेता जात कशी पाळायची हे आपल्याला ठाऊक आहे, तसेच हे.

अलाबामात तर असा नियम होता की आईकडे एखादा पुरुष येतो-जातो असे दिसले तर तिच्या मुलांची मदत बंद. 1968 साली ‘किंग विरुद्ध स्मिथ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. आईच्या वागण्याची शिक्षा मुलांच्या ताटाला देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. तरी 1996 साली क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने रोख मदतीला कामाची अट आणि आयुष्यात एकूण पाच वर्षांची मर्यादा घातली. त्याच कायद्याने बहुतेक प्रौढ स्थलांतरितांना ग्रीन कार्डानंतरही पाच वर्षे अशा मदतीपासून दूर ठेवले. आपल्याला वाटते ही योजना ‘त्यांच्यासाठी’ आहे. खरे तर आपल्यातले पुष्कळ जण तिच्या दाराबाहेरच उभे आहेत.

मधे एक वर्ष मात्र वेगळे गेले. 2021 साली मुलांसाठीची करसवलत वाढवून सहा वर्षांखालील मुलामागे 3600 डॉलर आणि मोठ्या मुलामागे 3000 डॉलर करण्यात आली. जुलैपासून डिसेंबरपर्यंत त्यातले निम्मे पैसे दरमहा थेट खात्यात आले. मुख्य बदल रकमेत नव्हता. आधी ज्यांची कमाई सर्वांत कमी त्यांना पूर्ण सवलत मिळतच नसे. त्या वर्षी ती मिळाली. पूरक मोजपट्टीनुसार बालदारिद्र्य 5.2 टक्क्यांवर आले. काँग्रेसने मुदत वाढवली नाही आणि 2022 मध्ये आकडा 12.4 टक्के झाला. एका वर्षात लाखो आईबाप आळशी झाले, असे तर कोणी म्हणणार नाही. आईबाप तेच होते, धोरण बदलले.

आता धम्म काय सांगतो ते पाहू, आणि सोयीचे तेवढेच उचलायला नको. दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात एक राजा आहे. तो प्रजेचे रक्षण करतो, पण निर्धनांना धन देत नाही. दारिद्र्य वाढते आणि एक जण चोरी करतो. राजा विचारतो, का केलीस? तो म्हणतो, जगता येत नाही. राजा त्याला धन देतो: आईबापांना आणि बायकामुलांना पोस, धंदा कर. दुसऱ्यालाही देतो. मग लोकांना कळते, की चोरी केली की राजा पैसे देतो. चोऱ्या वाढतात. राजा घाबरून शिरच्छेद सुरू करतो. लोकही शस्त्रे करतात, आणि तिथून हिंसा, असत्य, सगळी घसरण.

आपले चहावाले मित्र म्हणतील, बघा, फुकट दिल्याने माणसे बिघडली! ही हरकत मला टाळता येत नाही, ती सुत्तातच आहे. पण सुत्त घसरणीची सुरुवात कुठे ठेवते ते पाहा. चोराला दिलेल्या पैशात नाही, तर आधी गरिबांना न देण्यात. राजाने दिले ते उशिरा, एकेकाला आणि गुन्हा कबूल केल्यावर. मदतीच्या दारात अपमानाचा उंबरा ठेवला की लोक उंबऱ्याला साजेसे वागायला शिकतात. कूटदन्त सुत्तातला सल्ला वेगळा आहे: शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, चाकरीतल्यांना वेतन. शिक्षेऐवजी, आणि चारित्र्य न तपासता.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर जे लिहिले ते मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते. गरिबाचे दुःख त्याच्या मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे असे म्हटले, की राज्य आणि समाज जबाबदारीतून सुटतात, असा त्यांचा आक्षेप आहे. इथे कोणी मागच्या जन्माचे नाव काढत नाही. इथे ‘चुकीचे निर्णय’ म्हणतात. लग्न केले नाही, शिक्षण सोडले, मुले फार झाली. काम मात्र तेच होते. दोष तिच्या खात्यावर, आपण मोकळे. व्यक्तीची जबाबदारी असतेच, पंचशील घेणारा ती नाकारणार नाही. पण तीन वर्षांच्या मुलाने कोणता निर्णय चुकवला?

1928 च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी कामगार स्त्रीची लायकी तपासली नाही. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा बराच भार सरकारने उचलायला हवा आणि तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकानेही आपला वाटा द्यावा, अशी त्यांची मांडणी होती.

‘मग दान?’ असे कोणी विचारेल. दान ही पारमिता आहे आणि ते आपण करतो. पण आपला अनुभव आठवा. एखाद्या घरावर आघात होतो, नवरा जातो, एच-4 वरच्या बायकोच्या इथे राहण्याचाच प्रश्न उभा राहतो, आणि आपण व्हॉट्सॲपवर पैसे गोळा करतो. ज्याला सगळे ओळखतात त्याच्यासाठी दोन दिवसांत रक्कम जमते. जो कार्यक्रमांना फारसा येत नव्हता, त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा आठवण करावी लागते. मी असे दोन्ही पाहिले आहे. दान ओळखीच्या वाटेने जाते, आणि ओळख ही भारतात जातीची असते, इथे वस्तीची नि रंगाची. ओळख नसलेल्या माणसापर्यंत पोचायला कायदा लागतो. म्हणून मला टॅक्स भरताना, निदान त्यातल्या या भागापुरते, फसवले गेल्यासारखे वाटत नाही. माझी फी भरणाऱ्या कोणालाही मी ओळखत नव्हतो.

त्या शनिवारचे थोडे राहिले. त्या बाईने पिशवी घेतली आणि हळू आवाजात विचारले, डायपर आहेत का? स्नॅपच्या कार्डावर डायपर घेता येत नाहीत, साबणही नाही. आमच्याकडे चार नंबरचे संपले होते. पाच नंबरचा एक पुडा होता. तिने तो घेतला आणि म्हणाली, चालेल, वाढेल तो त्यात. फोनविषयी मी काही विचारले नाही.

पुढच्या महिन्यात कोणाला यायचे असेल तर कळवा. डाळ-तांदूळ लोक देतात. डायपर आणा, सगळ्या मापांचे.

जय भीम.