शेवटचा पीळ



आजचे श्लोक गीतेच्या अठराव्या अध्यायातले, २३ ते २५. सात्त्विक कर्म, राजस कर्म, तामस कर्म. पाठ करायला सोपे, आणि म्हणूनच बहुतेक वेळा आपण त्यांच्यावरून घसरत पुढे जातो. मला यातल्या चोविसाव्याने बरीच वर्षं छळलंय. राजस कर्माची लक्षणं सांगताना भगवंत म्हणतात की ते इच्छेपोटी केलेलं असतं, अहंकाराने केलेलं असतं. इथपर्यंत ठीक. पण पुढे आणखी एक लक्षण येतं: ते फार आयासाने, आटापिटा करून केलेलं असतं.

म्हणजे काय? जास्त कष्ट हा दोष? आपल्याला तर लहानपणापासून उलटं शिकवलंय. जीव ओतून कर, झोकून दे. आमच्या ऑफिसात रात्री दोनला कोड पाठवणाऱ्याचं सकाळच्या मीटिंगमध्ये नाव घेतलं जातं, आणि सहाला काम संपवून घरी गेलेल्याचं नाही.

या श्लोकाचा अर्थ मला जेवढा लागला तेवढा बाबांच्या जुन्या गाडीखाली लागला. काम होतं ऑइल पॅनचं गॅस्केट बदलण्याचं. गॅरेजच्या भाषेत, चेंबरचं पॅकिंग.

ज्यांनी कधी गाडीखाली डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाच्या तळाला पत्र्याचं एक पसरट भांडं असतं, त्यात तीन-चार लिटर ऑइल साठतं. भांड्याची कड आणि इंजिनाचा तळ यांच्यामध्ये कॉर्कची किंवा रबराची पातळ पट्टी बसते आणि कडेने दहा-वीस छोटे बोल्ट. बस, एवढंच. पॅकिंग काही फार जोर सहन करणारा भाग नाही. दोन पृष्ठभागांमधल्या बारीक उंचसखल जागा भरून काढणं, एवढंच त्याचं काम. त्यासाठी ते दबावं लागतं, पण ठरलेल्या मापातच.

बाबांच्या गाडीचं पॅकिंग दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये बदललं होतं आणि तरी पार्किंगमध्ये काळे डाग पडत होते. गळती वरून, व्हॉल्व्ह कव्हरकडून उतरत असेल म्हणून आधी सगळं इंजिन खालून-वरून पुसून काढलं, दोन दिवस गाडी चालवली, आणि मग बघितलं. ऑइल नेहमी खाली ओघळतं, त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथेच गळतंय असं नसतं. पण इथे खरंच चेंबरच होतं. ऑइल काढलं, बोल्ट काढले, पॅन खाली घेतला आणि कारण दिसलं. प्रत्येक बोल्टच्या भोवती पत्रा दबून वर उचलला गेला होता, छोट्या टेकड्यांसारखा. कॉर्क भोकांपाशी फाटून बाहेर आलेलं. आणि दोन बोल्टांच्या मधे, जिथे पत्रा सैल राहिला होता, नेमकी तिथूनच ऑइलची वाट.

आधीच्या मिस्त्रीने बोल्ट ढिले ठेवले नव्हते. त्याने ते जीव खाऊन आवळले होते.

बाबांचं म्हणणं, "त्याने मनापासून केलं होतं रे. तासभर घाम गाळला पोराने. त्याला वाईट कसं म्हणायचं?" मीही म्हणत नाही. खरं तर प्रश्न तिथेच सुरू होतो. हेतू चांगला, मेहनत भरपूर, लबाडी नाही. आणि गळती त्या मेहनतीमुळेच. आपल्या नेहमीच्या नीतीत याला खानाच नाही. तिथे कामचुकार वाईट आणि कष्टाळू चांगला, संपलं. गीता मात्र इथे माणसाला वाईट न म्हणता कर्माची जात ओळखायला सांगते. आटापिटा हा गुन्हा नाही, ती एक खूण आहे: हे कर्म आता कामासाठी चाललंय की आणखी कशासाठी?

आता आकडे बघा. चेंबरला बहुधा एम ६ मापाचे छोटे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्येच बघा, माझ्यावर विसंबू नका.) २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हे म्हणजे पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीएवढा भार. तेवढाच! धडधाकट माणूस त्याच पान्यावर सहज तीस किलो भार टाकू शकतो. म्हणजे सहापट. आणि तो टाकावासा वाटतोच, कारण १० न्यूटन-मीटर हाताला अगदी अपुरं वाटतं.

मी टॉर्क रेंच लावला होता. मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग डावा-उजवा करत बाहेरच्या बाजूला. पहिल्या फेरीत नुसते टेकवायचे, दुसऱ्या फेरीत अर्धा पीळ, तिसऱ्यात पूर्ण. रेंचने खटका दिला की हात थांबवायचा. बाबा टॉर्च धरून बसले होते.

"अजून थोडा घे की. ढिला वाटतोय."

"बाबा, खटका दिला ना त्याने. आता नाही."

"खटका काय, यंत्र आहे ते. हाताला कळतं."

बाबांच्या बोलण्यात तथ्य आहे. ज्याने हजारो बोल्ट आवळलेत त्या जुन्या मिस्त्रीच्या मनगटात रेंच बसवलेलाच असतो, त्याला खटक्याची गरज नाही. रेंच माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या हाताला फक्त आपली काळजी कळते. कारण खटक्यानंतरचा तो पाव फेरा कोणासाठी असतो? पॅकिंगला तो नको असतो. पॅकिंगला जेवढं दबायचं होतं तेवढं ते दबलंय. तो शेवटचा पीळ माझ्यासाठी असतो. रात्री झोप लागावी म्हणून, 'मी काही बाकी ठेवलं नाही' असं स्वतःला सांगता यावं म्हणून. काम संपल्यावरही जो जोर उरतो, तो मला वाटतं राजस आयास.

इथे तुमच्यातला कोणीतरी विचारेल, आणि विचारायलाच हवं: फळाची अपेक्षा न ठेवता केलेलं ते सात्त्विक, मग गळू नये ही अपेक्षाच नाही का? गळलं तरी चालेल असं म्हणून चेंबर बसवायचं? नाही हो. गळू नये हे त्या कामाच्या व्याख्येतच आहे. गळणारं पॅकिंग बसवणं म्हणजे पॅकिंग न बसवणंच. फळ म्हणजे त्या कामातून 'मला' जे हवंय ते: खात्री, शाबासकी, निर्धास्तपणा. कामाला काय हवं आणि मला काय हवं हे दोन वेगळे धागे आहेत, आणि बोल्ट पिळताना ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की खटका ऐकू येईपर्यंत वेगळे दिसतच नाहीत. तेविसाव्या श्लोकात सात्त्विक कर्माला 'नियत' म्हटलंय. त्याचा मूळ रोख शास्त्राने नेमून दिलेल्या कर्तव्याकडे आहे, हे मला माहीत आहे, तरी त्या रात्री मला तो शब्द रेंचवरच्या आकड्यासारखा दिसला. काही गाड्यांच्या रबरी पॅकिंगमध्ये तर प्रत्येक भोकात धातूची छोटी पुंगळीच असते. बोल्ट तिच्यावर टेकला की पुढचा जोर रबरापर्यंत पोचतच नाही. कोणा इंजिनीअरने माणसाचा स्वभाव ओळखून मर्यादा वस्तूतच घडवून ठेवली आहे.

'थोडक्यात कमी कष्ट करा' असा अर्थ कृपया काढू नका. या कामातले खरे कष्ट बोल्ट आवळण्यात नव्हतेच. ते होते खरवडण्यात. जुन्या कॉर्कचा एकेक कण, जुन्या सीलंटची साल काढायची, तीही इंजिनाच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा न पाडता. मग पॅनची कड सपाट लोखंडी ठोकळ्यावर ठेवून त्या टेकड्या हलक्या हातोडीने एकेक करून बसवायच्या आणि पट्टी उभी धरून खालून उजेड येतो का बघायचं. त्यानंतर थांबायचं. इंजिनातून ऑइल तासन् तास ठिबकत राहतं, आणि तेलकट जागेवर सीलंट धरत नाही. आम्ही रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी पुन्हा पुसलं. सीलंटचंही तेच. जिथे दोन भाग जुळतात त्या कोपऱ्यांत एखादा ठिपका पुरतो. प्रेमाने जास्त थापलं तर जादा सीलंट आत पिळलं जातं, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑइल खेचणाऱ्या जाळीत जाऊन अडकू शकतात. म्हणजे बाहेरची गळती थांबवताना आतून इंजिन उपाशी.

या सगळ्याला पाच तास लागले, पण आटापिटा कुठे नव्हता. पुढे सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्त्याला धृती आणि उत्साह हवा असं येतं, ते मला खरवडताना जास्त पटलं.

आता पंचविसावा. तामस कर्म म्हणजे पुढचे परिणाम, नुकसान, हिंसा आणि स्वतःची कुवत न बघता मोहाने सुरू केलेलं. यूट्यूबवर बारा मिनिटांचा व्हिडिओ पाहून गाडीखाली शिरणाऱ्यांनी हा श्लोक गॅरेजच्या भिंतीवर लिहावा. कुवत बघायची म्हणजे काय, तर कित्येक गाड्यांत चेंबर काढायला इंजिन उचलावं लागतं किंवा खालची फ्रेम उतरवावी लागते. तशी गाडी असेल तर तुमचं कर्तव्य एवढंच, की चांगला मिस्त्री शोधा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, कधीच नाही. खाली स्टँड हवेत आणि चाकांना अडसर हवा.

आणि हिंसा? गळक्या गाडीच्या मालकाला वाटतं नुकसान आपलंच, महिन्याला थोडं ऑइल टाकू. पण ते थेंब रस्त्यावर पडतात. जूनचा पहिला पाऊस आला की तेच ऑइल पाण्यावर तरंगून वर येतं, आणि वळणावर एखादी स्कूटर घसरते. मागे बसलेल्या बाईला तुमची गाडी माहीतही नसते. अशी हिंसा करताना हातात शस्त्र नसतं, राग नसतो, साक्षीदार नसतो. मला विचाराल तर ढिल्या बोल्टपेक्षा 'चालतंय की' ही वृत्ती जास्त तामस. काढलेलं ऑइलही गटारात ओतू नका. डब्यात भरून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या. आमच्या कॉलनीत ते कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी पद्धत आहे. पावसात ते जमिनीतच उतरतं, तेव्हा तेही नको.

सीलंट सुकायला एक दिवस दिला, नवीन ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं, खाली कोरा पुठ्ठा ठेवला. बाबा आठवडाभर रोज सकाळी चहाआधी तो पुठ्ठा बघायला जायचे. कोरडा होता. आठव्या दिवशी म्हणाले, "एकदा पाना लावून बघू का? नुसता बघायला."

पाना मी पुण्याला येताना सोबत घेऊन आलोय.

उद्या २६ ते २८, कर्त्याचे तीन प्रकार. वाचून या. राम कृष्ण हरी.