जपणे आणि मिरवणे

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या बऱ्हाणपुरात दोन गोष्टींचा खप एकदम वाढतो. एक झेंडूची फुले आणि दुसरे पाणी. खंडेनवमीला शस्त्रे व अवजारे पुजण्याची आपली जुनी रीत आहे. आता घरात शस्त्र उरले नाही, अवजारही फारसे उरले नाही, म्हणून दारातली मोटार हीच अवजारांची राणी झाली आहे. तिला न्हाऊ घालतात, पुसतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. मला यात हसण्यासारखे काही वाटत नाही. निमाड-खानदेशात पोळ्याला बैल नदीवर नेऊन धुताना, त्यांची शिंगे रंगवताना ज्यांनी लहानपणी पाहिले आहे, त्यांना या मोटारस्नानाचे मूळ शोधायला लांब जावे लागत नाही. ज्याच्या खांद्यावर आपला संसार चालतो त्याचे एक दिवस तरी अंग चोळावे, अशी ती भावना आहे.

पण बैलाला त्या चोळण्याचे सुख होते. मोटारीला होत नाही. तिच्या रंगावर ओरखडा उठला तर दुखते ते मालकाला, तिला नव्हे. मग निर्जीव वस्तूच्या केवळ वरच्या कातडीची एवढी काळजी करणे याला काय म्हणावे? हौस, अहंकार की कर्तव्य? दिवाळी अंकात मोटार धुण्याचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढेच सांगतो की, नीतीचे पुष्कळसे प्रश्न ग्रंथांत कमी आणि अंगणात जास्त सुटतात.

आपण दुभाषी मुलखातली माणसे. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडणात जी आधी तोंडात येईल ती. त्यामुळे एका शब्दाकडे आपले लक्ष पुण्या-मुंबईकरांपेक्षा लवकर जाते. तो शब्द 'जपणे'. हिंदीत 'जपना' म्हणजे नामाचा जप करणे. मराठीत मात्र हाच शब्द नामाला लागतो, वस्तूला लागतो आणि माणसालाही लागतो. तब्येतीला जप, आजीचे दागिने जपून ठेव, रस्ता जपून ओलांड. शाळेतल्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना हा अर्थ सांगताना मी 'सँभालना' म्हणतो, 'सहेजना' म्हणतो, पण समाधान होत नाही. जपण्यात जी जपमाळेची पुनरावृत्ती आहे, रोज थोडे, न चुकता, न बोलता, ती त्या शब्दांत येत नाही.

जपण्याच्या शेजारीच 'मिरवणे' राहते. मिरवायला लोक लागतात, जपायला पाहणारा कोणी लागत नाही. बादली तीच, फडके तेच, साबण तोच. दुरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. मग ओळखावे कसे? गंमत अशी की, मोटारीचा रंगच ते ओळखून दाखवतो.

मोटारीच्या पत्र्यावर रंगाचे तीन-चार थर असतात. खाली गंजापासून रक्षण करणारा अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा एक थर. या साऱ्यांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन आणि वरचा पारदर्शक थर जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन भरतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या चकाकीवर आपण भाळतो, ती केसाहूनही पातळ आहे. तिच्यावर निमाडचे ऊन पडते, आणि उन्हातले अतिनील किरण हा थर हळूहळू ठिसूळ करतात. वर रस्त्याची धूळ बसते. धुळीत वाळूचे बारीक कण असतात व ते त्या थरापेक्षा कठीण असतात. अशा धुळीवरून कोरडे फडके फिरवणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर घासणे. आपल्याकडे रोज सकाळी 'गाडीला कपडा मारायची' पद्धत आहे. त्याने गाडी दहा मिनिटे चमकते. वर्षभराने उन्हात पाहावे, तर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार रेघा दिसतात. ज्या गाडीला सर्वांत जास्त उत्साहाने पुसले, तिच्यावर त्या सर्वांत जास्त असतात.

मग धुवावे कसे? यात गुप्त विद्या काही नाही. गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना धुवावी. उन्हात साबण वाळून डाग धरतो. प्रथम नुसते पाणी ओतून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी, तोवर हात लावू नये. नंतर दोन बादल्या घ्याव्यात, एक साबणपाण्याची, दुसरी साध्या पाण्याची. मऊ फडके साबणात बुडवून एक भाग पुसावा, मग ते साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती सोडावी आणि मगच पुन्हा साबणात बुडवावे. टपापासून सुरुवात करून खाली यावे; चाके शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण वापरू नये. तो मळाबरोबर मेणाचा संरक्षक लेपही काढून नेतो. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते, तिला रविवारची वाट पाहायला लावू नये. ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवून ती मऊ झाली की अलगद उचलावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, धुतल्यावर पाणी अंगावर वाळू देऊ नये, लगेच मऊ पंचाने टिपावे. आपल्या भागातले बोअरचे पाणी बहुधा जड. थेंब वाळला की पाणी उडून जाते आणि क्षारांचा पांढरा ठिपका मागे राहतो.

या जड पाण्याचा पुरावा पाहायचा असेल तर आमच्या कुंडी भंडाऱ्यात उतरावे. १६१५ साली, जहांगीराच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान येथे असताना, तब्कुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपते पाणी जमिनीखालच्या भुयारांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. त्या भुयारांच्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साचलेले आहेत. मोटारीच्या बॉनेटवर एका दुपारी जे होते, तेच तेथे शतकानुशतके होत आले आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. बाजारात रंगासाठी दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि पुष्कळजण त्यांना एकच समजतात, पॉलिश आणि मेण. पॉलिशमध्ये बारीक खरवडणारी पूड असते. ते वरचा थर किंचित झिजवून ओरखडे सपाट करते, म्हणून चमक येते. जुन्या अँबेसेडरला पॉलिश केले की फडक्याला गाडीचा रंग लागत असे, ते अनेकांना आठवत असेल. त्या रंगावर पारदर्शक थरच नव्हता. मेणाचे उलट. ते काही काढत नाही, आपला एक पातळ थर वर ठेवते, ऊन-पाणी स्वतःवर घेते, दोन-तीन महिन्यांत झिजून जाते आणि पुन्हा लावावे लागते. अलीकडे सिरॅमिकचे लेप निघाले आहेत, ते जास्त टिकतात. पण त्यांनीही धुण्यापासून सुटका होत नाही. पॉलिश वस्तूकडून घेऊन चमक देते. मेण स्वतः झिजून वस्तू राखते. पॉलिशही कधीमधी लागते, मी त्याला शिव्या देत नाही. पण दर सणाला पॉलिश मारणारा मनुष्य दिसला की समजावे, याला गाडी राखायची नाही, दाखवायची आहे.

येथपर्यंत प्रश्न माणूस आणि वस्तू यांच्यातला होता. पण गाडी धुताना आणखी दोघे हजर असतात. एक पाणी आणि दुसरा, बहुतेक घरांत, धुणारा.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. नळाची रबरी नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी सहज सोडते. ती दहा मिनिटे चालू राहिली तर शंभर ते दीडशे लिटर गेले. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर असे माप धरले आहे. म्हणजे एका गाडीच्या अंघोळीत दोन-तीन माणसांचा दिवस वाहून जातो. २०२२ च्या जुलैमध्ये आपला बऱ्हाणपूर जिल्हा 'हर घर जल' असे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला, याचा मला अभिमान आहे. पण नळ आला म्हणून पाणी वाढले असे होत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरसारख्या शहरात पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी आली व पाच हजार रुपये दंड ठरला. दोन बादल्या आणि वर ओतायला एक-दोन, एवढ्या पन्नास लिटरांत गाडी उत्तम धुतली जाते, आणि नळीपेक्षा चांगली धुतली जाते, कारण त्यात घाई नसते.

दुसरा प्रश्न धुणाऱ्याचा. आमच्या शाळेत नववीचा एक विद्यार्थी पहिल्या तासाला वारंवार उशिरा येई. विचारले तेव्हा कळले की तो पहाटे सात गाड्या धुऊन येतो. थंडीत त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडलेल्या असत. वय पंधरा. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, घरच्या उद्योगातल्या मदतीसारखे काही अपवाद वगळता, २०१६ च्या दुरुस्तीने पूर्ण बंदी आहे. चौदा ते अठरा या वयात केवळ धोक्याच्या कामांना. तेव्हा कायद्याचा भंग कोणी करत नव्हता. म्हणूनच प्रश्न नीतीचा होता.

एका महिन्याला एका सुशिक्षित गृहस्थांनी त्याचे चारशे रुपये दिले नाहीत. बॉनेटवर रेघा उठल्या आहेत, मुलाच्या हातातल्या कड्याने उठवल्या, असे त्यांचे म्हणणे. मी त्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. उतरत्या उन्हात गाडी पाहिली. रेघा बॉनेटवर होत्या, तशा टपावर होत्या, दारांवर होत्या, आणि शेजारच्या दोन गाड्यांवरही होत्या. कड्याचा ओरखडा असा सर्वांगावर, वर्तुळात आणि केसासारखा बारीक उठत नाही. कोपऱ्यात एक बादली आणि एक जुना खरखरीत टॉवेल होता. मी मुलाला विचारले, "हाच कपडा रोज वापरतोस का?" तो खाली मान घालून म्हणाला, "सर, कपड़ा तो उन्हीं का है।" गृहस्थ काही बोलले नाहीत. आत जाऊन पैसे आणून दिले, आणि पुढच्या महिन्यापासून मुलाला येऊ नको म्हणून सांगितले. न्याय झाला, रोजी गेली.

त्या गृहस्थांना मी दुष्ट मानत नाही. केसाएवढी रेघ पाहणारे त्यांचे डोळे चांगलेच तीक्ष्ण होते. मात्र तेच डोळे त्या मुलाच्या बोटांवरच्या भेगांपर्यंत पोहोचले नाहीत. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली एक भेद सांगितला: वस्तूला किंमत असते, तिच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते, माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. बॉनेट पुन्हा रंगवता येते. पंधराव्या वर्षी 'तू चोरटा, तू बेफिकीर' असे ऐकलेल्या मनाला दुसरा हात मारता येत नाही. आणि याच कांटने निर्जीव निसर्गातल्या सुंदर गोष्टींचा उगाच नाश करण्याचाही निषेध केला आहे, तो त्या गोष्टींना दुखते म्हणून नव्हे, तर तसे करणाऱ्याचे मन निबर होत जाते म्हणून. तेव्हा वस्तू जपण्याचे खरे कारण वस्तूत नाही, जपणाऱ्यात आहे. मन मऊ राहावे म्हणून जपायचे. ज्या जपण्याने मन निबर होते, ते जपणे नव्हेच.

कोणी विरक्त वृत्तीचा म्हणेल, मग ही कटकटच कशाला, असू द्या गाडी धुळीत. मला ते पटत नाही. आपल्या परंपरेने शौचाला हलके लेखलेले नाही. पतंजलींच्या नियमांत पहिला मान शौचाचा आहे, आणि त्याच्यानंतर लगेच संतोष येतो. हा क्रम मला अर्थपूर्ण वाटतो. आधी नीट स्वच्छ करा, आणि मग पुरे म्हणायला शिका. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा जास्त चकाकेपर्यंत घासत राहणे हे शौच नव्हे. शिवाय वस्तू टिकली तर नवी लवकर घ्यावी लागत नाही. मध्यमवर्गीय घरात हीही एक तपश्चर्याच आहे.

माझ्यापुरते मी काही साधे नियम ठरवले आहेत. शक्यतो गाडी स्वतः धुवावी. पोळ्याला बैल शेतकरी स्वतःच धुतो, गडी लावत नाही. स्वतः धुतली की पाण्याचे वजन हाताला कळते आणि बादल्या आपोआप कमी होतात. ते शक्य नसेल आणि कोणाकडून धुऊन घ्यायची असेल, तर त्याला दोन बादल्या, मऊ फडके आणि थंडीत कोमट पाणी द्यावे, रीत एकदा स्वतः करून दाखवावी, आणि तो शाळेच्या वयाचा असेल तर त्याचा पहिला तास आपल्या गाडीपेक्षा मोलाचा समजावा. ओरखडा दिसला तर आधी फडके तपासावे, मग माणूस.

या दिवाळीत आपल्या अंगणात गाड्या धुतल्या जातील, पुसल्या जातील, पणत्यांच्या उजेडात चमकतील. चमकोत बापड्या. त्यांच्याशेजारी ओल्या हातांनी उभा असलेला कोणी असेल, तर फराळाचे पहिले ताट त्याच्या हाती द्यावे, आणि त्याआधी हात पुसायला कोरडा पंचा.