साथ, संशोधन आणि नीती

धुळ्याचे नाव महाराष्ट्रात ज्या गोष्टींमुळे आदराने घेतले जाते, त्यांत इतिहाससंशोधन ही एक होय. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी याच गावी देह ठेवला, आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ साली येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. माळ्यावर आणि कोनाड्यांत वाळवीच्या तोंडी पडलेली दफ्तरे गावोगाव हिंडून त्यांनी वाचविली. इतिहासकाराचे एक भाग्य असे, की तो शेदोनशे वर्षे उशिरा आला तरी चालते. माणूस गेला तरी कागद टिकल्यास त्याची साक्ष मिळते. साथीच्या रोगाचा शोध घेणाऱ्यास हे भाग्य नाही. ज्या दिवशी रोग्याचा ताप टिपून ठेवला नाही, कोणते औषध दिले आणि त्याचे काय झाले हे लिहिले नाही, त्या दिवसाची साक्ष रोग्याबरोबरच स्मशानात जाते. साथीचे पुष्कळसे संशोधन साथ चालू असतानाच करावे लागते, ते यामुळेच. आणि नीतीचा प्रश्नही येथेच उभा राहतो.

माणसे मरत असता त्यांच्यावर प्रयोग करणे धर्म्य आहे काय? ही शंका क्षुद्र नव्हे. ज्याचा बाप श्वासासाठी तडफडत आहे, त्याला चिकित्सक हवा असतो. वही घेऊन उभा राहिलेला जिज्ञासू त्यास कसा रुचावा? रोग्याकडे केवळ ज्ञानाचे साधन म्हणून पाहणे हा मनुष्यत्वाचा अपमान आहे, हेही निर्विवाद होय. तथापि या शंकेत एक गृहीत दडलेले आहे. ते असे, की संशोधन टाळले म्हणजे प्रयोग टळला. वस्तुतः रोग नवा असून त्यावरील उपाय कोणासही ठाऊक नसतो, तेव्हा दिलेले प्रत्येक औषध हा प्रयोगच असतो. भेद इतकाच, की एका प्रयोगाचा हिशेब ठेवला जातो आणि दुसऱ्याचा ठेवला जात नाही.

या दोन्ही बाजूंची कसोटी आपल्या देशाने ग्रंथिक सन्निपाताच्या काळी पाहिली. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला. डॉ. हाफकिन यांनी तेथे लस सिद्ध केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःच्याच अंगी टोचून घेतली. पुढे १८९८ साली बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी त्यांनी जे केले ते नीतिविचारकाने शांतपणे अभ्यासावे असे आहे. तेथे घरोघरच्या माणसांचे दोन भाग करून एका भागास लस टोचली आणि दुसऱ्यास टोचली नाही. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांस रोग झाला व ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांस रोग झाला व २६ दगावले. एकाच छपराखाली राहणाऱ्या, एकच अन्न खाणाऱ्या माणसांतील हा भेद पाहून लसीच्या गुणाविषयी फारसा संशय उरत नाही. परंतु त्या २६ जणांचे काय? त्यांनी ज्ञानासाठी मरण पत्करले असे म्हणणे म्हणजे त्यांच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. लस गुणकारी आहे हे त्या दिवशी निश्चित ठाऊक नव्हते; म्हणून हाफकिन यांस क्रूर म्हणता येत नाही. परंतु त्या कुटुंबांस काय सांगितले गेले, नकार देण्याची मोकळीक त्यांस होती काय, हे प्रश्न त्या आकड्यांनी सुटत नाहीत.

त्याच सुमारास पुण्यात प्लेगनिवारणासाठी गोरे शिपाई घरांत शिरले, आणि लोकांच्या संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. सक्तीने लोक रोगी लपवू लागतात, आणि रोगी लपला की उपचारही थांबतो व ज्ञानही. पुढे १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने अंत झाला. दोष एका बाटलीतील लसीत होता. पण ठपका हाफकिन यांच्यावर आला, आणि तो दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. दोष कोठे घडला हे ठरविण्याची सर्वमान्य पद्धत आधीपासून नसली, म्हणजे संशोधकाचीही हानी होते आणि लोकांच्या विश्वासाचीही.

आता अगदी अलीकडचा काळ पाहू. २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिवीरच्या कुप्यांसाठी महाराष्ट्रातील माणसे रात्ररात्र औषधांच्या दुकानांपुढे उभी होती. कोणी दागिने मोडले, कोणी कर्ज काढले. या औषधाने मृत्यू कमी होतात असे दिसत नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचा प्राथमिक निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तद्रवाची कथा याहून बोलकी आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर त्याची रीतसर परीक्षा केली आणि त्यापासून लाभ होत नाही असे दाखवून दिले. साथीच्या ऐन धुमाळीत आपल्याच माणसांनी पार पाडलेले हे काम अभिमानास्पद खरे. पण तो निष्कर्षही ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध होऊन सरकारी उपचारसूचनांतून तो उपाय वगळला गेला मे २०२१ मध्ये. मधल्या काळात रक्तद्रवासाठी लोक दारोदार हिंडले. तिकडे इंग्लंडात मार्च २०२० मध्ये शेकडो रुग्णालयांस एका सूत्रात गोवणारी चाचणी सुरू झाली, आणि जूनमध्ये डेक्सामेथासोन या जुन्या, अत्यंत स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासयंत्रावरील रोग्यांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटतात हे सिद्ध झाले. त्या ज्ञानाचा लाभ जगातील गरीब देशांसही झाला. तेथील डॉक्टर अधिक बुद्धिमान होते असे नव्हे. अशा कामाची घडी तेथे बरीचशी आधीच बसलेली होती.

यावरून आमचे म्हणणे एवढेच, की साथीतील संशोधनाची नीती साथीत ठरविता येत नाही. संमती कशी घ्यावी, प्रयोगाची परीक्षा कोणी करावी, हानी झाल्यास भरपाई कोणी द्यावी, निष्कर्ष कोणास आणि किती दिवसांत कळवावे, हे सारे शांतपणे बोलावयाचे विषय आहेत. भयभीत मनुष्य कशासही होकार देतो, आणि घाईत असलेला अधिकारी त्या होकारालाच संमती समजतो. म्हणून पूर्वतयारी हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न नसून तो न्यायाचाही प्रश्न आहे.

यावर एक आक्षेप आमच्याच खानदेशातून येईल, आणि तो वजनदार आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी बालके कुपोषणाने खंगत आहेत, भिल्ल आणि पावरा कुटुंबांत सिकलसेलचा आजार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अशा वेळी कधी येईल न येईल अशा साथीसाठी पैसा राखून ठेवणे हे भुकेल्यापुढून ताट ओढण्यासारखे नव्हे काय? जी प्रयोगशाळा साथीची वाट पाहत कुलूपबंद राहते, तिच्याविषयी हा आक्षेप खराच आहे. परंतु जी प्रयोगशाळा रोज सिकलसेलचे रक्त तपासते, क्षयाच्या रोग्यांची नोंद ठेवते, सर्पदंशावरील उपचाराचा गुण पडताळून पाहते, तीच साथ आल्यावर कामास येते. २०२० च्या आरंभी महाराष्ट्रातील नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे धाडावे लागत. मग जिल्ह्याजिल्ह्यांतून तपासणीची सोय उभी करण्याची धावपळ झाली. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा आपला जुना स्वभाव आहे. धुळ्यास १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी केवळ नमुने पाठवावे आणि प्रश्न दुसऱ्यांनी ठरवावे, ही वाटणी बदलली पाहिजे. आणि ज्या गावातून रक्त घेतले, त्या गावास त्यातून काय कळले हे त्यांच्या अहिराणीत, भिलीत किंवा पावरीत येऊन सांगणे, हाही संशोधनाचाच भाग समजला पाहिजे. ज्या गावाने असे एकदा ऐकले आहे, ते संकटकाळी दार लावून घेणार नाही.

पूर्वी साथ आली की लोक मरीमायेचा गाडा गावाच्या शिवेबाहेर ओढून नेत आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून येत. त्यांस आपण भोळे म्हणतो. पण साथ ओसरताच ती विसरून जाणे आणि पुढील पिढीच्या हद्दीत ढकलून देणे, हे याहून फारसे निराळे नाही. १९१८ च्या मानमोडीत आणि २०२१ च्या उन्हाळ्यात जी माणसे आपल्या घरांतून गेली, त्यांच्या मृत्यूने आपण काही शिकलो असे त्यांच्या मुलांस सांगता आले पाहिजे. ते सांगता यावे इतकी तयारी आजच, गावात कोणीही आजारी नसताना, करणे हे आपल्याकडे लागलेले त्यांचे देणे आहे.