हौसेचं मोल कोण देतं?

‘हौसेला मोल नाही’ असं आपल्याकडे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते कौतुकानंच म्हणतात. माझ्याकडे १९८६ सालची बुलेट आहे. तिचा विषय निघाला की ऑफिसातलं कुणी ना कुणी हे वाक्य टाकतंच. मला ते दर वेळी थोडं खटकतं. मोल नाही म्हणजे नेमकं काय? मोल मोजायचं नाही, की ते दुसऱ्याच कुणीतरी मोजायचं?

आधी गाडीबद्दल. ३४६ सीसी, एक सिलिंडर, कास्ट आयर्नचं इंजिन, चार गियर. मूळ डिझाइन इंग्लंडमधल्या रेडिचचं. पन्नाशीच्या दशकात भारतीय लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी अशी गाडी हवी होती. १९५५ साली मद्रासमध्ये तिची जुळणी सुरू झाली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला, पण मद्रासची गाडी निघत राहिली, फारशी न बदलता. त्यामुळे माझी बुलेट १९८६ची असली तरी तिचा स्वभाव पन्नाशीच्या दशकातलाच आहे.

कायद्याच्या नजरेत मात्र ती अजून ‘विंटेज’ नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी नियम केले. गाडीचं वय पन्नासहून जास्त हवं, ती मूळ रूपात हवी, आणि रोजच्या वापरात नको. माझी गाडी नवी नाही आणि कायद्याने जुनीही नाही. म्हणजे ती किती चालवायची, कशी ठेवायची, हे बरंचसं माझ्यावरच सोडलेलं आहे.

तिचं सुख काय, हे न चालवलेल्या माणसाला सांगणं अवघड आहे. बटण नाही. चावी फिरवायची, ॲम्पियरचा काटा मधोमध येईपर्यंत किक हळूहळू दाबायची, डीकॉम्प्रेसरची क्लिप ओढून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण. यातली एक पायरी चुकली तर गाडी तसं लगेच कळवते. मी सॉफ्टवेअर लिहितो. माझ्या फोनमधली गाणी, सिनेमे, ॲप्स यातलं जवळजवळ काहीच माझं नाही. ते वापरायची परवानगी तेवढी माझी, आणि ती कधीही काढून घेता येते. बुलेट मात्र पान्यांचा एक सेट, फीलर गेज आणि एक रविवार एवढ्यावर उघडते. इंजिन गार असताना टॅपेट लावायचे, पुशरॉड बोटांनी मोकळा फिरतो पण खुळखुळत नाही एवढी जागा ठेवायची. जॉन लॉक म्हणायचा की माणूस एखाद्या गोष्टीत आपले कष्ट मिसळतो तेव्हा ती त्याची होते. माझ्या नखांतलं ऑइल बघितलं तर लॉकच्या हिशेबाने ही गाडी आरसीवर नाव चढायच्या आधीपासून माझी होत आली होती.

पण कष्टातून हक्क येतो एवढं म्हणून विषय संपत नाही. त्या हक्काचा खर्च कुठे जातो, हे लॉककडून कळत नाही. मला ते गियरमुळे कळलं.

गाडी मी कराडजवळच्या एका निवृत्त शिक्षकांकडून घेतली. गुडघे गेल्यामुळे त्यांना किक मारता येत नव्हती. पैसे मोजून झाल्यावर ते म्हणाले, “बाकी काय करायचं ते करा, पण गियर डावीकडं घेऊ नका. मग हिच्यात आन् बाकीच्या गाड्यांत फरक काय ऱ्हायला?” मी मान डोलावली.

जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला असतो आणि मागचा ब्रेक डाव्या. आजच्या गाड्यांचं बरोबर उलटं. माझ्याकडे ऑफिसला जायला एक नवी बाइकही होती. समोर अचानक कुणी आलं की विचार करायच्या आत पाय चालतो. नव्या गाडीची सवय असलेला उजवा पाय बुलेटवर खाली दाबला तर ब्रेक लागणार नाही, वरचा गियर पडेल. आणि ज्याच्यासाठी तो पाय दाबला, तो माणूस समोरच असेल.

इथे दोन शब्द एकमेकांसमोर उभे राहतात. एक, मी सरांना दिलेला. कायद्याने त्याला किंमत नाही. गाडी माझी, कागद माझे. पण चाळीस वर्षं सांभाळलेली वस्तू हातात देताना कुणी एकच गोष्ट मागितली आणि आपण हो म्हटलं, तर पैसे दिल्याने तो हो पुसला जात नाही. दुसरा शब्द मी कुणालाच बोलून दिलेला नाही, तरी रस्त्यावर गाडी काढताक्षणी तो दिलेलाच असतो. माझ्या हौसेपायी तुला धोका नाही, असा. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाने सरांना मान डोलावलेली नाही. इंजिनाच्या ठेक्याचं सुखही त्याच्या वाट्याला नाही. व्यवहार आमच्या दोघांत झाला आणि जोखीम मात्र तिसऱ्याच्या वाट्याला आली.

“मी जपून चालवतो” हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते पुरत नाही, कारण जपून चालवणं जिथे संपतं तिथेच हा प्रश्न सुरू होतो.

मला तीन वाटा दिसत होत्या. गियर डावीकडे करून घ्यायचा, म्हणजे किंमत सरांनी द्यायची. गाडी नुसती उभी ठेवायची, म्हणजे किंमत गाडीने द्यायची. न चालवलेल्या गाडीत पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसतो, रबरं वाळतात. तिसरी वाट म्हणजे किंमत मीच द्यायची. मी नवी बाइक विकली. एका मोकळ्या मैदानावर कित्येक सकाळी फक्त ब्रेक मारत राहिलो. आता ऑफिसला बसने जातो. पावसाळ्यात, विशेषतः संध्याकाळी, ते जड जातं. पण जड मलाच जातं, हे बरोबर आहे.

धुराच्या बाबतीत इतकं स्वच्छ उत्तर सापडत नाही. एप्रिल २०२०पासून आपल्याकडे बीएस-६ गाड्या आहेत. माझ्या गाडीच्या जन्मावेळी यातलं काहीच नव्हतं. पीयूसी केंद्रात जुन्या गाडीला मर्यादा सैल असते. त्यामुळे ती पास होते म्हणजे कायद्याचं समाधान होतं, मागच्या रिक्षावाल्याच्या फुप्फुसांचं नाही. जुनं वापरणं हेच पर्यावरणाला बरं, असं काही जण म्हणतात. नवी गाडी घडवायलाही लोखंड आणि वीज लागतेच. पण जुनी गाडी नवीच्या जागी आली तर हा युक्तिवाद खरा. माझी बुलेट कामाला जात नाही, रविवारी फिरायला जाते. तिचा धूर जास्तीचाच आहे. मी मिश्रण नीट ठेवतो, सायलेन्सर कंपनीचाच ठेवतो, महिन्याला ठरावीक किलोमीटरच्या वर जात नाही. तरी उधारी उरतेच, आणि ती उरते हे मला माहीत असलेलं बरं.

तुम्हीही जुनी गाडी घ्यायला निघाला असाल तर चासी नंबर आरसीशी जुळवून बघा, फिटनेस आणि पुनर्नोंदणीच्या तारखा बघा, इंजिन गार असताना स्वतः किक मारून बघा. मग घरी येऊन दोन याद्या करा: हिचं सुख कुणाकुणाला, आणि हिचा खर्च कुणाकुणाला. दोन्हींत जितकं तुमचं एकट्याचं नाव येईल, तितकी गाडी खरी तुमची. माझ्या दुसऱ्या यादीत अजून इतरांची नावं आहेत. ती कमी करत राहणं हाही तिच्या देखभालीचाच भाग आहे, टॅपेट लावण्यासारखा.