लिचीचा हिशेब

मॉरिशसमध्ये लिची पिकते ती नाताळच्या तोंडावर. परसात एखादं मोठं झाड असलं की घरचं भागून शेजारीपाजारीही वाटता येते. पण रात्री वाघळं येतात. फळ टाळूशी दाबायचं, रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, ही त्यांची रीत. सकाळी झाडाखाली कुरतडलेल्या फळांचा सडा. ज्याचं झाड, त्याच्या संतापाला मी नावं ठेवणार नाही.

सरकारनं मात्र त्या संतापाच्या हाती बंदूक दिली. २०१५ आणि २०१६ मध्ये मिळून तीस हजारांहून अधिक वाघळं मारली गेली. मॉरिशस आणि शेजारचं रियुनियन सोडलं तर हा प्राणी जगात कुठेच नाही, आणि मादीला वर्षाकाठी एकच पिल्लू होतं. ही तूट भरून कशी निघायची? २०१८ मध्ये त्याची नोंद जागतिक यादीत ‘धोक्यात’ अशी झाली. लिचीचं पीक काही वाढलं नाही. वाऱ्यानं पडलेली, पक्ष्यांनी टोचलेली, जास्त पिकून गळलेली फळंही वाघळाच्याच नावावर मांडली जात होती.

याच बेटावर डोडो होता. महाकाय कासवं होती, मोठे पोपट होते. जंगलातली फळं खाऊन बिया लांबवर टाकणारे हे सगळे माणसाच्या पायरवानं संपले, आणि ते काम उरलं वाघळाच्या अंगावर. त्यानं टाकलेल्या बीचं झाड व्हायला कित्येक वर्षं जातात. खाल्लेली लिची दुसऱ्याच दिवशी दिसते.

म्हणून ‘वाघूळ उपयोगी आहे, त्याला वाचवा’ हा युक्तिवाद खरा असूनही मला पुरेसा वाटत नाही. उपयोगाची वही उघडली की दुसऱ्या पानावर तोटाही लिहावा लागतो. २०१८ मध्ये कोझिकोडला वटवाघळांतून पसरणाऱ्या निपाह विषाणूनं माणसं दगावली. पुण्याच्या विषाणू संस्थेला महाबळेश्वरजवळच्या गुहेतल्या वटवाघळांमध्येही निपाहविरोधी प्रतिपिंडं आढळली. उष्टं फळ खाऊ नये, गुहेत उगाच शिरू नये, ही काळजी रास्तच. पण अशी बातमी आली की परागीकरणाचं पुण्य कोण आठवतो? मोहाची फुलं रात्री कुणाच्या भरवशावर फळतात, हेही मग कुणी विचारत नाही.

आपला कायदाही फार काळ याच वहीवर चालला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं फळं खाणारी वटवाघळं उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत टाकली होती. अपवाद अगदी मोजका. ती अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीनं गेली. मधली पन्नास वर्षं या प्राण्याला सांभाळलं ते देवळामागच्या वडानं, देवराईतल्या भीतीनं, आणि ‘असू दे, बसतात बापडी’ म्हणणाऱ्या गावकऱ्यांनी. त्यांतल्या कुणीही फायदा-तोटा मांडला नव्हता. भीतीचं मी गुणगान करत नाही. भुताच्या नावानं वाघळं हाकलणारी गावंही आहेत. तरी शेकडो वाघळं ज्या जुन्या वडा-पिंपळावर लटकतात, तो रस्तारुंदीकरणात आला की त्याची बाजू कोण मांडणार? कागदावर तिथं फक्त एक झाड असतं, आणि पंचनाम्यात त्याचा घेर लिहितात.