दाण्यातलं मांस

कुत्रा लांडग्याच्या वंशातला, म्हणून त्याला कच्चं मांस आणि हाडंच घालावीत, हा विचार ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३ च्या पुस्तकानंतर जोमानं पसरला. त्याच्या मुळाशी एक गृहीत आहे: निसर्गात जे होतं, तेच योग्य. पण कुत्र्याचा निसर्ग कोणता? २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं, की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या खरकट्यावर पिढ्यान् पिढ्या जगताना त्याचं पोटही माणसाळलं. (नामदेवांच्या आख्यायिकेत कुत्र्यानं पोळी पळवली याचं कुणाला नवल वाटत नाही, नवल तूप घेऊन धावणाऱ्या नामदेवांचं.) पचतं म्हणून मानवतंच असं नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण कच्च्याचा धोका एकट्या कुत्र्यापुरता राहत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१०-१२ मध्ये तपासलेल्या कच्च्या खाद्याच्या १९६ नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. कुत्रा धडधाकट दिसेल, पण त्याची वाटी घासणाऱ्या आजींनी आणि रांगत्या बाळानं ही जोखीम पत्करलेली नसते.

शाकाहारी घराला कोरडं खाद्य आवडतं, त्याचं कारण मात्र वेगळं. त्या तपकिरी दाण्यांतून रक्त ठिबकत नाही. पण पिशवीवरची घटकांची यादी वाचली, तर बहुधा कोंबडीच्या मांसाची पूड आढळते. शिजवून, वाळवून, दळलेली. म्हणजे हिंसा टळली नाही, नजरेआड झाली. ही पूड बहुतेकदा माणसासाठी कापलेल्या कोंबडीच्या उरल्यासुरल्या भागांची असते, कुत्र्यासाठी म्हणून जीव घेतलेला नसतो, असं कुणी म्हणेल. बौद्ध विनयातही आपल्यासाठी प्राणी मारल्याचं पाहिलं, ऐकलं वा तसा संशय आला, तरच भिक्षूला ते मांस वर्ज्य आहे. हा फरक खरा आहे, पण पाप फिटण्याइतका मोठा नाही. पिशवीचे पैसे शेवटी त्याच धंद्याला मिळतात.

मग कुत्र्यालाच शाकाहारी करावं? पशुवैद्याच्या देखरेखीखाली, समतोल साधून ते जमू शकतं. मांजराच्या बाबतीत हा हट्ट जिवावर बेतू शकतो. तरीही व्रत ज्याचं त्यानं संकल्प करून घ्यायचं असतं, आणि कुत्र्यानं तो केलेला नाही. बाराव्या शतकातल्या जैन आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त पैशासाठी कुत्री-मांजरं पोसणं श्रावकाला निषिद्ध धंद्यांत घातलं. तो निषेध धंद्यापुरता आहे, हौशीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण बोट ठेवलंय ते पोसण्यावर, वाटीत काय वाढलं यावर नव्हे. ज्या घराला मांसाची पूडही सोसवत नाही, त्यानं पिल्लू आणण्याआधीच तसं ठरवावं. आणल्यावर त्याला काय मानवतं, एवढंच बघायचं उरतं.