सशाचे शिंग आणि दोरीवरचा साप

फाल्गुन पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास लोणी काळभोरला सोलापूरच्या अंगाने चंद्र वर येतो. विषुवदिन जवळ आलेला असतो, म्हणून तो जवळजवळ नेमका पूर्वेलाच उगवतो. खाली गोवऱ्या रचलेल्या असतात, बाया पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन येतात, पोरे बोंब मारायला उतावीळ झालेली असतात. आणि एखादी आजी कडेवरच्या नातवाला बोटाने दाखवते, "तो बघ चांदोबातला ससा."

शशी, शशांक ही चंद्राची नावेच या सशावरून पडली. तो तिथे कसा गेला, हे बौद्धांच्या ससजातकात सांगितले आहे. दारी आलेल्या ब्राह्मणाला द्यायला सशाकडे गवताशिवाय काही नव्हते. तेव्हा त्याने स्वतःचाच देह द्यायचे ठरवले. आगीत उडी घेण्याआधी त्याने तीनदा अंग झाडले, केसांत एखादा किडा असेल तर तो जळू नये म्हणून. ब्राह्मणाच्या वेशात आलेल्या शक्राने मग पर्वत पिळला आणि त्या रसाने चंद्रावर ससा रेखाटला. दानाच्या कितीतरी कथा आहेत, पण ते अंग झाडणे दुसऱ्या कुठल्या कथेत सापडणार?

युरोपात मात्र याच प्राण्याच्या वाट्याला वेगळे नशीब आले. बाराव्या शतकात वेल्सच्या जेराल्डने लिहून ठेवले आहे, की म्हाताऱ्या बाया सशाचे रूप घेऊन लोकांच्या गाईंचे दूध चोरून पितात. 1662 मध्ये स्कॉटलंडमधल्या इझोबेल गाउडी या शेतकऱ्याच्या बायकोने आपण मंत्र म्हणून ससा होतो आणि कुत्री आपल्या मागे लागली होती, असा कबुलीजबाब दिला. गोळी लागून ससा लंगडत पळाला आणि दुसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी लंगडताना दिसली, ही गोष्ट तर गावोगाव सांगितली जाई. रानससा बिळात राहत नाही. गवतात दबा धरून बसतो, माणसाच्या पायाखालून अचानक उसळतो आणि पकडला गेला तर लहान मुलासारखा किंचाळतो. संधिप्रकाशात हे पाहिलेल्या भेदरलेल्या माणसाला आणखी काय हवे?

युरोपातच ईस्टर या ख्रिस्ती सणालाही ससा चिकटला आहे; तो प्राचीन वसंतदेवीचा प्राणी, असे आज बेधडक सांगितले जाते. त्याला आधार फारच तोकडा आहे. बीड या भिक्षूने 725 च्या सुमारास एओस्ट्रे नावाच्या देवीचा उल्लेख केला, पण त्यात ससा नाही. देवी आणि ससा यांची सांगड हा एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन अभ्यासकांचा तर्क. खरे आहे ते चंद्राचे नाते. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढचा रविवार म्हणजे ईस्टर. 2024 मध्ये 24 मार्चला आपल्याकडे होळी पेटली आणि त्याच पौर्णिमेवरून मोजलेला ईस्टर 31 मार्चला आला.

आपल्या परंपरेने सशाला आणखी एक काम दिले, आणि ते या सगळ्यात मोलाचे आहे. जे मुळी नाहीच, त्याचा दाखला म्हणजे शशशृंग, सशाचे शिंग. वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या भर्तृहरीच्या श्लोकामुळे ते शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले. वेदान्त्यांनी त्याच्याशेजारी दुसरा दाखला ठेवला: दोरीवर दिसणारा साप. सशाचे शिंग कुणालाच कधी दिसत नाही, म्हणून त्याला कुणी भीतही नाही. दोरीवरचा साप खरा नसतो, पण तो दिसतो. छाती धडधडते, हात काठीकडे जातो. पहिले असत्, दुसरे मिथ्या.

मग ससा होणारी ती चेटकीण यांपैकी कोण? तिला सशाचे शिंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ती दोरीवरचा साप आहे. आणि इथली दोरी म्हणजे जिवंत बाई असते: बहुधा एकटी, विधवा, नाहीतर जिच्या जमिनीवर कुणाचा डोळा आहे अशी. साप खोटा असला तरी काठी तिच्याच पाठीवर पडते.

हे जाणणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्रात अशा अंधश्रद्धांविरुद्धच्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत एक गोष्ट वाचताना जेराल्ड आठवल्यावाचून राहत नाही. अमकी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा ठरला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आठशे वर्षे लोटली, मुलूख बदलला, तरी आटलेल्या दुधाचा आळ अजून बाईवरच येतो.

कायदा गुन्हा घडल्यावर उभा राहतो. कुजबुज सुरू होते तेव्हा काय करायचे, हे आणखी एका जातकात आहे. बेलफळ पडल्याच्या आवाजाने घाबरलेला ससा 'पृथ्वी कोसळली' म्हणत पळत सुटतो आणि सारे रान त्याच्यामागे धावते. सिंह त्यांना अडवून एकेकाला विचारतो, "कुणी पाहिले?" मग सशाला पाठीवर घेऊन त्या झाडाखाली जातो.

गावात एखाद्या बाईचे नाव असे कुजबुजले जात असेल, तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी, चारचौघांत, मोठ्याने विचारा. तेवढ्याने थांबले नाही, तर पोलीस ठाण्यात जा.